शेगडीची वायर काढताना

विजेवर माझ्या सासऱ्यांइतका जीव टाकणारा माणूस तेलगावात झाला नाही, आणि तिच्यावर त्यांच्याइतका संशय घेणाराही नाही. वायरमनची नोकरी करून निवृत्त झाले, तरी खिशात टेस्टर ठेवूनच लग्नाला जायचे आणि अक्षता पडायच्या आधी मांडवातला बोर्ड तपासून यायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी विचारायचे, "अर्थिंग हाय का?" यजमान हो म्हणाला, तरी परसात जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

अशा घरात स्वयंपाक अर्थातच विजेच्या शेगडीवर. तिच्यासाठी त्यांनी मीटरपासून करंगळीएवढी जाड वायर स्वतंत्र ओढली होती. अडचण एवढीच, की जेवणाच्या वेळा लोडशेडिंग ठरवायचे. सासूबाईंनी हे वर्षानुवर्षे निमूट सोसले आणि मागच्या दिवाळीत एकदाच सांगितले, "आता भूक लागल्यावर सैपाक करायचाय मला, लाईट आल्यावर न्हाई."

सासऱ्यांनी वाद घातला नाही. फक्त दारात आलेला सिलिंडर चार दिवस जोडू दिला नाही आणि मला बीडहून मदतीला बोलावले. शेगडीचा सॉकेट नव्या बर्नरच्या बरोबर वर येत होता, तिथे झळ लागणार म्हणून तो आधी निघाला. उघड्या टोकांना टेप गुंडाळली की झाले, असे मला वाटले. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. टेपखाली करंट जिवंतच राहतो म्हणाले, आणि ती वायर मीटरकडूनही सोडवली. गॅस जड, तो जमिनीलगत साचतो आणि बटणात ठिणगी पडते, म्हणून फ्रिजचे खालचे बटण पलीकडच्या भिंतीवर उंच गेले. तोवर सासूबाई परसात चूल मांडून भाकरी थापत होत्या आणि नवऱ्याचा उद्धार करत होत्या.

पंधरवड्याने मी पुन्हा गेलो होतो. सकाळी गॅसची नळी सैल होऊन स्वयंपाकघरभर वास पसरला. वास बाहेर काढावा म्हणून माझा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला.

"जावईबापू, हात खाली घ्या," दारातून सासरे हळूच म्हणाले. "बटन दाबू नका."

त्यांनी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, सासूबाईंचा दंड धरून त्यांना अंगणात आणले. बाहेर आल्यावरही दंड सोडला नाही. सासूबाई दंडावरच्या त्या हाताकडे बघत राहिल्या.

"चार दिवस लई बोलले मी तुमाला," त्या म्हणाल्या.

"बोलायचंच की," सासरे म्हणाले.

नळी त्याच दिवशी बदलली, आणि आता त्या घरात वेळेवर जेवण होते. शेगडी होती तेव्हा वीज आली की सासरे ओसरीवरून "आली गं!" अशी हाक द्यायचे आणि सासूबाई कणकेला हात घालायच्या. त्या हाकेचे आता काम उरलेले नाही. परवा दुपारी आम्ही जेवत असताना डोक्यावरचा पंखा अचानक फिरू लागला. सासरे अर्धवट उठले, हाक ओठांपर्यंत आली, पण समोर ताटात गरम भाकरी होती. ते पुन्हा खाली बसले.

सासूबाईंनी पंख्याकडे मानही वर केली नाही.

"अहो, आली का लाईट?" त्यांनी विचारले.

"आली," सासरे म्हणाले, आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.