तंबूतला विमा

निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, आदिलाबादला तंबूतल्या टॉकीजमध्ये एक इंग्रजी सिनेमा आला होता. त्याची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं.

माझे वडील विम्याचे एजंट. सिनेमाही विलायतेतल्या विमेवाल्यांचाच होता. जुन्या काळची लढाई, समुद्रात जहाजं बुडतायत, आणि ते गोरे छाती पुढे काढून भरपाई देतायत. इंग्रजी कुणाला कळत होतं! म्हणून एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट समजावून सांगायचा. त्या संध्याकाळी ते काम वडिलांनी मागून घेतलं. समोर नार्नूरकडचे कापूसवाले बसलेले. अशी संधी वडील सोडतात होय!

"पाहा, लडाईत जहाज बुडालं तरी यायनं जबान पाळली!" वडील ओरडून सांगत होते. "आपली कंपनीबी अशीच हाय. बिनघोर राहा तुमी!"

बायकांची बाजू जाड कापड लावून वेगळी केलेली असे. त्यामागे मी आत्याला खेटून बसले होते. आत्याचा नवरा फौजेत लॉरी चालवायला गेला आणि लढाईतच मेला. त्याचा विमा वडिलांनीच उतरवलेला. लढाईतलं मरण त्यात धरत नाहीत, असं कंपनीनं नुकतंच कळवलं होतं. ही अट वडिलांना आधीपासून ठाऊक होती. बहिणीच्या नवऱ्याला मात्र त्यांनी ती सांगितली नव्हती. आत्या लेकरं घेऊन आमच्याकडे आली होती आणि ताटावर बसली की मान वर करत नसे.

ती उठली. तिनं कापड सर्रकन बाजूला सारलं. पुरुषांसमोर असं कुणी बाई करत नसे.

"दादा, माह्या घरचं जहाज बुडालं, तवा तुमची जबान कुठं गेली? लेकरायले काय सांगू मी?"

सगळा तंबू मागे वळला. "घरी बोलू, बाई," एवढं जरी वडील म्हणाले असते तरी मी त्यांना माफ केलं असतं. ते तंबूच्या मालकाकडे पाहून हसले.

"जनाना पर्दा गिराओ, भाई."

नोकरानं कापड ओढून घेतलं. आत्या अंधारात उभीच होती. मी तिचा हात धरला. पलीकडे वडिलांनी घसा साफ केला.

"हां, तर यायनं जबान पाळली..."