बसस्टॉपवरची बाई

"आधी तो टोप काढ डोक्यावरचा, मग बोल माझ्याशी!"

"ताई, दहा मिनिटांत शूटिंग आहे. टोप चिकटवायलाच पाऊण तास लागतो."

"मग राहू दे. मीच माझ्याशी भांडतेय असं समजते."

मेकअपच्या खोलीतल्या आरशात दोन बायका दिसत होत्या. दोघींचे निळे एप्रन, दोघींचे पांढरे अंबाडे, दोघींचा उजवा खांदा उतरलेला. एक होती एकतीस वर्षं लाँड्रीत इस्त्री करणारी थोरली बहीण. दुसरा तिचा धाकटा भाऊ. त्याची 'इस्त्री मावशी' गेली जवळजवळ दहा वर्षं दर शनिवारी टीव्हीवर लोकांना पोट धरधरून हसवत होती. मावशीला एकच खोड. बोलता बोलता समोर येईल ते तळहाताने सपाट करायचं. टेबलावरचं कापड, पाहुण्याची बाही, मंत्र्याचं पोट, टकलावरचे चार केस. हात फिरला की प्रेक्षक आडवे.

"आज पाचशेवा भाग," तो म्हणाला. "म्हटलं, सगळ्यांसमोर सांगून टाकावं, ही मावशी म्हणजे माझी ताई. तुझा मान..."

"मान! फोनवर म्हणाले, एप्रन घालून या. मला वाटलं, कपड्यांचं काही काम निघालं असेल. इथे येते तर तुझ्या शोमधली ती पोरगी सांगतेय, 'आजी, काही बोलायचं नाही, फक्त सरांच्या पोटावरून हात फिरवायचा.' आणि पेपरातल्या मुलाखतीत तर मावशी तुला सुचली ती बसस्टॉपवर दिसलेल्या कुठल्याशा बाईवरून म्हणे!"

"ते तू वाचलंस?"

"गिऱ्हाइकाचे शर्ट गुंडाळायला तोच पेपर हातात आला. तुझा फोटो आतल्या बाजूला घेतला आणि बांधला गठ्ठा."

त्याच्या रंगवलेल्या गालांखाली चटका बसला. 'माझी बहीण, लाँड्रीत असते,' हे शब्द मुलाखत देताना ओठांपर्यंत आले होते. पण हॉटेल मोठं होतं, अंगावरचा कोट नवा होता. त्याने शब्द गिळले आणि वर चहाचा घोट घेतला.

"पण पहिल्यांदा नक्कल केली तेव्हा सगळ्यात जास्त तूच हसली होतीस," तो पुटपुटला. "मी अकरा वर्षांचा होतो. ताटावर बसून केली होती."

"हसले ना. बाबा गेल्यावर घरात पहिल्यांदा कुणीतरी हसवलं होतं. शाळा सोडून कामाला लागले होते मी, छोट्या. वाटलं, चला, आपल्याकडे कुणाचं लक्ष तरी आहे."

"लोकांचं प्रेम आहे गं मावशीवर!"

"आहे तर! प्रेमाने टकलं ठेवतात काउंटरवर. 'मावशी, कडक इस्त्री!' हल्ली हात खिशात घालूनच बोलते मी गिऱ्हाइकांशी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुला काय सांगायचं? तू होतास की तिथे."

त्याला आठवली आठ महिन्यांपूर्वीची दुपार. तिला भेटायला म्हणून गेला होता, गाडी लाँड्रीसमोरच थांबली होती. आत एक गृहस्थ काउंटरवर डोकं टेकून उभा, रांग हसतेय, आणि ताईचे हात खिशात जाताना त्याने पाहिले होते. त्याने काच वर केली. ड्रायव्हरला म्हणाला, चल पुढे.

"काचा काळ्या होत्या," तो एवढंच म्हणू शकला.

"असतील. त्या गाडीच्या सीटची कव्हरं कोण धुतं रे? मी गाडी ओळखणार नाही?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "थांबव तो हात."

त्याने खाली पाहिलं. त्याचा तळहात टेबलावरचा टॉवेल सपाट करत होता. समोर कॅमेरा नव्हता, प्रेक्षक नव्हते, आणि हात कधी सुरू झाला ते त्याला कळलंही नव्हतं.

दार वाजलं. फ्लोअर मॅनेजर डोकावला. "सर, पब्लिक बसलंय. ताईंना स्टेजवर घेऊ ना?"

"एक मिनिट!" तो उठला, तिच्यासमोर उभा राहिला. "ताई, तू 'नको' म्हण. इथल्या इथे टोप उतरवतो, पुन्हा कधी मावशी करणार नाही. फक्त एकदा म्हण."

ती बघत राहिली. त्याच्या एप्रनची कॉलर एका कोपऱ्यात दुमडली होती. शाळेच्या गॅदरिंगपासून तो स्टेजवर जाण्याआधी तिनेच त्याची कॉलर नीट केली होती. तिचा हात वर आला. त्याने नकळत मान पुढे केली, अगदी काउंटरवरच्या त्या गिऱ्हाइकासारखी.

तिचा हात हवेतच थांबला. मग खिशात गेला.

"ताई, बोल ना काहीतरी."

फ्लोअर मॅनेजरला बाजूला सारून ती बाहेर पडली. डावीकडे स्टेज होतं. ती उजवीकडे, रस्त्याच्या दाराकडे वळली.