डावीकडची शिडी

मी कांड्या नीट भरत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षी आमच्या घरात माझं हे म्हणणं कोणीही ऐकून घेत नव्हतं.

आम्ही विणकर. बाबा मागावर लुगडी विणायचे आणि मी अकरावीचा वर्ग आटोपून घरी आले, की धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळून द्यायची. ऐंशी सालानंतरची गोष्ट. वस्तीत बाबांच्या काठाचं नाव होतं. लग्नाचं लुगडं असलं की लोक त्यांच्याच दारात यायचे. आणि पावसाळा सरता सरता काय झालं कोण जाणे, त्यांच्या लुगड्यांचा डावा काठ बिघडायला लागला. उभे धागे तुटलेले, न जोडता तसेच पुढे विणलेले. व्यापाऱ्याने एकापाठोपाठ दोन लुगडी परत पाठवली.

आता बाबांचा हात चुकणार कसा? मग चुकलं कोणाचं? माझं!

"तुझ्या कांडीत गुठळ्या राहतात, त्यानं ताण बसते अन् धागा तुटते," बाबा म्हणाले.

"मग डावाच काठ काहून खराब होते? उजवा काहून नाही?"

"तेच तर तुले विचारून राहिलो!"

तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. दोन महिने रोज जेवताना हेच. आईसुद्धा त्यांचीच री ओढायची. मी एकेक कांडी बोटाने चाचपून द्यायला लागले, तरी काठ बिघडायचा तो बिघडायचाच.

दिवाळीला मामा आला. तो बोटीवर कामाला होता. त्याने माझ्यासाठी एक खेळ आणला. तळहातात मावेल एवढी चपटी डबी, दोन बाजूंना बटणं, मधे राखाडी काच. काचेत काडीएवढा काळा माणूस. त्याला उजवीकडच्या शिडीने पहिल्या मजल्यावर चढवायचं, गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारत डावीकडे न्यायचं, तिथल्या शिडीने वरच्या मजल्यावर चढवायचं आणि लटकलेली किल्ली काढायची. पिंपाचा धक्का लागला की माणूस खाली, टुईं! बाप्पा, काय वेड लागलं मला! आठवड्यात सेल संपले, तर मी बर्डीच्या बाजारात घड्याळवाल्याकडे पायी जाऊन नवे घेऊन आले.

बाबा आधी नाक मुरडत होते. मग एका दुपारी जेवण झाल्यावर म्हणाले, "पाहू दे वं." झालं! त्यानंतर डबी रोज दुपारी त्यांच्याच हातात. बोटं काय चालायची त्यांची, मी बघतच राहायची. पण पहिल्या मजल्याच्या वर त्यांचा माणूस एकदाही गेला नाही. मला आसुरी आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? मी त्यांना कधी काही सांगितलं नाही, मुद्दामच.

"वर जायाले रस्ताच नाही याच्यात," ते एकदा म्हणाले.

"मी कशी जाते मग?"

"तू काहीतरी लबाडी करत असशील."

घ्या! कांड्यांत गुठळ्या माझ्या आणि खेळात लबाडीही माझीच. माझं डोकं सटकलं. मी तिथल्या तिथे पैज लावली. त्यांनी माझ्याहून जास्त आकडा केला, तर मी आयुष्यभर तोंडातून शब्द न काढता कांड्या भरीन. नाही झाला, तर त्यांनी आईसमोर कबूल करायचं, की चूक माझी नाही.

"मंजूर," बाबा हसत म्हणाले.

आमच्यात अमावस्येला माग बंद असतो. पैज अमावस्येच्या दुपारी ठरली. आई उष्टी ताटं तशीच ठेवून पाहायला बसली. मी आधी खेळले आणि तीन किल्ल्या काढल्या. मग बाबा. पहिला माणूस डावीकडून आलेल्या पिंपाने पडला. दुसरा डावीकडच्याच. तिसऱ्याला त्यांनी मजल्याच्या मधोमध आणून उभंच केलं, आणि डावीकडून पिंप सरळ चालून येत असताना बटण दाबलंच नाही. टुईं!

खरं तर मी जिंकले होते. नाचायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, हे मुद्दाम हरतायत, माझी थट्टा करतायत.

"बाबा, नीट खेळायचं नसन तर सांगा तसं! एवढं मोठं पिंप डावीकडून येऊन राहिलं, तुमाले दिसत नाही का?"

"कोठून येऊन राहिलं?"

"नाटकं नका करू!"

मी डबी त्यांच्या हातून हिसकावली आणि थेट उजव्या डोळ्याच्याही पलीकडे, कानाजवळ नेऊन धरली. "हे पाहा! आता पाहा!"

बाबांनी पाहिलं. मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून.

"ही शिडी कधी आली याच्यात?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसणार होते. पण बाबा हसत नव्हते. "काल नव्हती ही," ते म्हणाले. काचेवर छापलेली शिडी होती ती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती. माझ्या बापाला ती तीन आठवडे दिसली नव्हती आणि दिसत नाही हेही कळलं नव्हतं.

आईचं हसू मधेच थांबलं. तिने बाबांचं उष्टं ताट ओढून पुढ्यात ठेवलं. उजवीकडची भाजी चाटूनपुसून संपवलेली, भाकरीचा उजवा अर्धा खाल्लेला. डावीकडे जवसाची चटणी, मीठ, लिंबाची फोड, सगळं वाढलं होतं तसंच.

"माय वं," आई पुटपुटली. "मले वाटे, माह्यावर रुसले म्हणून चटणीले शिवत नाहीत. दोन महिन्यांपासून मी चटण्या बदलून राहिली."

तिने ताट अर्धं फिरवलं. बाबा दचकून मागे सरकले, जसं काही कोणी त्यांच्यापुढे नवंच ताट आणून आदळलं होतं. मग त्यांनी हळूच बोट चटणीला लावलं.

पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, की डोळे उत्तम आहेत, मेंदूतली एक नस बंद पडून गेली आहे. दुखलं नाही, खुपलं नाही, कोणाला पत्ता लागला नाही. डाव्या अंगाचं जगच त्यांच्यापुरतं पुसलं गेलं होतं. आणि ते परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण हे सगळं नंतर.

त्या दुपारी बाबा उठले आणि अमावस्या असूनही मागाच्या खड्ड्यात उतरून बसले. आम्ही दोघी मागोमाग गेलो. अर्धं विणलेलं लुगडं मागावरच होतं. त्यांनी ते पाहिलं नाही. डावा हात पुढे केला आणि काठावरून बोटं फिरवायला लागले. एका जागी बोट थांबलं. पुढे सरकलं, परत थांबलं. वीतभर काठात किती वेळा थांबलं, मला बघवेना. तीस वर्षं ज्या काठावर आमचं घर चाललं, तो काठ ते आंधळ्यासारखा चाचपत होते.

"चूक तुझी नव्हती वं," बाबा म्हणाले. "तुह्या कांड्या चांगल्या होत्या."

हेच ऐकायचं होतं ना मला? दोन महिने याच्यासाठी भांडले होते. आईसमोर म्हणाले, अगदी पैजेत ठरलं होतं तसंच. आणि ते उजवीकडे तोंड करून बोलत होते. तिकडे नुसती भिंत होती. मी त्यांच्या डाव्या खांद्याला लागून उभी होते.

"कुठं गेली वं?" त्यांनी विचारलं. "ऐकलं का तू?"

मी मागून वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसले.

"गुठळ्या होत्या बाबा," मी म्हटलं. "शप्पथ सांगते. माह्याच कांडीत गुठळ्या होत्या."