डब्याखालचे नॅपकिन

वारा सुटला होता. सहलीच्या टेबलावरचे पेपर नॅपकिन उडायला लागले. सुनीताताईंनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या आईचा स्टीलचा डबा उचलला आणि नॅपकिनच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. म्हणाल्या, "हं, आता नाही उडत."

डब्यात सांबारवड्या होत्या. आमच्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आईनं पहाटे उठून, माझ्या इलेक्ट्रिक शेगडीला शिव्या घालत, चाळीस वड्या तळल्या होत्या. टेबलावरचं बाकी सगळं उघडलं गेलं. पुलाव, बटाट्याची भाजी, ढोकळा, श्रीखंड. लोक यायचे, डबा उचलायचे, नॅपकिन घ्यायचे आणि डबा परत तिथेच ठेवायचे. झाकण कुणी काढलं नाही.

आई बाकाच्या टोकाला बसून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "तिखट झाल्या का वं?"

झाकणच निघालं नव्हतं, तर तिखट कुणाला लागणार? आईला ते कळत नव्हतं असं नाही. मला अवघडायला नको म्हणून तिनं तसं विचारलं. मी म्हणाले, "नंतर खातील."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही अटलांटाजवळ राहत होतो. नवरा प्रोग्रामर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आसपासची पाच-सहा मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा जमायची. प्रत्येकानं घरून एक पदार्थ करून आणायचा. कुणी काय आणायचं ती यादी सुनीताताई करायच्या. त्या पुण्याच्या, वयानं मोठ्या, बोलायला अगदी गोड. सुरुवातीला दोनदा मी भरली वांगी नेली. पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. सुनीताताईंनी रेसिपी लिहून घेतली.

मग एकदा सगळे आमच्याकडे आले. हॉलमध्ये निळ्या कोटातला फोटो होता, शेजारी बुद्ध. सुनीताताई फोटोसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. "अरे वा," म्हणाल्या. चहा घेतला नाही. अॅसिडिटी होते म्हणाल्या.

त्यानंतर फोन यायला लागले. "अगं, तू नोकरी करतेस, केवढी धावपळ होते तुझी. तू आपल्या पेपर प्लेट्स आण." पहिल्यांदा मला बरं वाटलं, कुणीतरी काळजी करतंय. दुसऱ्यांदाही प्लेट्स. तिसऱ्यांदा प्लेट्स आणि बर्फ. चौथ्यांदा दुकानात प्लेट्सचं पाकीट हातात घेतलं आणि फोटोसमोरचं ते 'अरे वा' आठवलं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे यार. परक्या देशात चार माणसं लागतात."

मी जाऊ दिलं. एवढंच नाही. हॉलमधला फोटो काढून बेडरूममध्ये नेला. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातानं खिळा उपटला, भोक टूथपेस्टनं बुजवलं. ह्याची लाज मला आजही वाटते.

आणि आईला पत्रात लिहीत होते, 'इथं कुणी काही विचारत नाही.' त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून आई पहिल्यांदा विमानात बसली. ह्या सहलीलाही मला प्लेट्सच सांगितल्या होत्या. पण आई म्हणाली, "रिकाम्या हातानं जात असतात का?"

सहल होती दोन तासांवरच्या एका जुन्या कापसाच्या मळ्यावर. मुलांना हिस्टरी दाखवायची म्हणून. पांढऱ्या खांबांचा बंगला, दोन्ही बाजूंना ओकची जुनी झाडं. आता ते तिकीट काढून बघायचं ठिकाण झालं होतं. जेवणं उरकून आम्ही आत गेलो.

गाइड गोरी होती. घेरदार झगा घातलेली, हसतमुख. तिनं झुंबर दाखवलं, चांदीची भांडी दाखवली, ती कुणी घडवली त्याचं नाव सांगितलं. मग मागच्या दारानं स्वयंपाकघराकडे नेलं. ते बंगल्यापासून वेगळं होतं. ती म्हणाली, सर्व्हंट्स इथून ताटं घेऊन बंगल्यात जायचे. जाताना वाटभर शीळ घालायची असा मालकाचा हुकूम होता. शीळ वाजतेय म्हणजे तोंडात घास नाही.

लोक हसले. माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "मॉम, शी मीन्स स्लेव्ह्ज."

सुनीताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी पाहिलं. "बाई गं, किती दुष्ट माणसं! आपल्याकडे निदान असलं काही नव्हतं."

आईनं माझी बाही ओढली. "काय म्हणते ती?"

मी सांगितलं, हे गुलाम काळे होते तेही. आई चुलीकडे बघत राहिली. तिच्यावरच्या काळ्या लोखंडी भांड्यांकडे.

"म्हणजे रांधायची ती काळी बाई?"

"हो."

"अन् हे गोरे खायचे? तिच्या हातचं?"

"हो."

"आपल्या हातचं तं अजूनबी खात नाही कोणी."

आईचा आवाज शेतात हाक मारायचा आवाज. सगळ्यांना ऐकू गेलं. गाइड सोडून सगळ्यांना कळलं. कुणी चुलीकडे बघायला लागलं, कुणी मुलाची टोपी सारखी करायला लागलं.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "आई, हळू."

तिनं मान खाली घातली. ही मान मी एकदा पाहिली होती. मी नऊ वर्षांची असताना आई तालुक्याच्या एका होस्टेलात स्वयंपाकाला लागली होती. पहिल्या दिवशी नवं लुगडं नेसून गेली. आठ दिवसांत वॉर्डननं तिला बोलावलं. "बाई, मुलं जेवत नाहीत. तुम्ही अंगण बघा." हातातला डाव काढून घेतला, झाडू दिला. मी दारात उभी होते. घरी येताना आई मला म्हणाली, "बरं झालं वं. चुलीपुढं लई धूर लागत होता." पुढं अठरा वर्षं तिनं ते अंगण झाडलं. त्या झाडूवर मी एमएस्सी झाले, अमेरिकेत आले. आणि तिला म्हणाले, हळू.

आईनं परत बाही ओढली. ह्या वेळी अगदी हळू बोलली. "त्या बाईचं नाव काय होतं, विचार."

मी गाइडला विचारलं. ती गोड हसली. "वी डोन्ट नो."

बाहेर आलो. थर्मासमधला चहा निघाला. सुनीताताई म्हणाल्या, "अगं, प्लेट्स काढ ना. चिवडा वाढते."

मी डबा उचलला. नॅपकिन भुर्रकन उडाले, हिरवळीवर लांबवर गेले. मी झाकण काढलं आणि डबा त्यांच्यापुढे धरला. बोलले ते मला शब्दनशब्द आठवतं.

"सुनीताताई, ह्या माझ्या आईनं केल्यात. आम्ही बौद्ध आहोत. आधीचे महार. फोटो बघितला त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. इथून पुढं मी प्लेट्स आणणार नाही."

नवरा बुटांकडे बघत होता.

"अगं, काय हे! आम्ही असलं काही मानत नाही," सुनीताताई म्हणाल्या. "उगाच मनात आणतेस. पोटं भरली होती सगळ्यांची." त्यांनी एक वडी नॅपकिनमध्ये घेतली. "वास काय सुरेख येतोय."

निघताना आई कप टाकायला गेली. कचऱ्याच्या पिंपापाशी थांबली. मी मागून पोचले. आत नॅपकिन उघडा पडला होता. वडी अख्खी होती. एक दातही लागला नव्हता.

ह्या वेळी आईनं तिखटाचं विचारलं नाही.

गाडीत मी तिला त्या बायकांबद्दल सांगितलं. गाइडनं जे सांगितलं नाही, ते. त्यांना विकायचे, त्यांची मुलं विकायचे.

"लेकरंबी?"

"हो, आई."

तिनं माझ्या मुलीला जवळ ओढलं. आमचं दुःख मोठं की त्यांचं, असलं काही ती बोलली नाही. घर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "त्या बाईले हुकूम होता. फोटो आतल्या खोलीत न्यायले तुले कोणाचा हुकूम होता?"

मला रडू फुटलं. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. तोही रडत होता.

घरात शिरल्या शिरल्या मी हातोडी काढली. आईनं खिळा धरला, मी ठोकला. फोटो हॉलमध्ये, दारासमोर.

आई सहा आठवड्यांनी परत गेली. पुढं कितीदा बोलावलं, ती आली नाही. म्हणायची, "झालं पाहून." आता ती नाही. अमेरिका म्हणजे काय हे तिनं त्या पिंपात पाहिलं, आणि ते मी तिला दाखवलं. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल.

सुनीताताईंचा फोन पुढच्या महिन्यात आला. काही घडलंच नाही असा आवाज. "मग तू प्लेट्स..."

मी म्हणाले, "मी भरली वांगी आणते. झाकण मी स्वतः काढणार. ज्याला खायचं नाही त्यानं माझ्याकडे बघून नाही म्हणायचं. घेऊन कचऱ्यात टाकायचं नाही."

त्या म्हणाल्या, बघू. परत फोन आला नाही, त्यांचाही नाही आणि इतरांचाही. मुलीच्या वाढदिवसाला अर्धा केक उरला. ती विचारत राहिली, "व्हाय डिडन्ट दे कम?" मी तिला खरं ते सांगितलं. सगळं.

तेव्हापासून आम्ही तीन घरं बदलली. प्रत्येक घरात पहिला खिळा त्या फोटोचा. अजून खोकी उघडलेली नसतात, पडदे नसतात, फोटो असतो. कुणी घरी आलं की मी दार उघडते आणि बाजूला होते. आधी फोटो बघा म्हणते. चहाचं त्यानंतर विचारते.