आमच्या थेटरात कुणी मरत नसे

नऊवारी लुगड्यावर मिलिटरीचा खाकी कोट घालून फिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आक्का. कोटाच्या बाह्या मनगटावर दुमडलेल्या, एका खिशात तंबाखूची चंची, दुसऱ्यात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे आणि हातात लांबलचक बॅटरी. माळावरच्या थेटरात बायकांच्या दाराला त्या डोअरकीपर होत्या. पगार त्या कामाचा मिळायचा. पण त्यांचं खरं काम निराळंच होतं. आक्का आम्हाला पिक्चरचा शेवट सांगायच्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. मी साताऱ्याची, पेठेत वाढलेली. लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका वाडीत आले, आणि वाडीनं माझं नाव टाकून मला ‘सातारकरीण’ करून टाकलं. वाडीत करमणूक म्हणजे कुणाच्या म्हशीला काय झालं एवढीच. तालुक्याचं गाव एस्टीनं पाऊण तासावर, आणि त्या गावाबाहेरच्या उजाड माळावर सुभेदारांचं थेटर.

सुभेदार म्हणजे फौजेतून पेन्शनीत आलेला ताठ मनुष्य. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं होतं, नवं एस्टी स्टँड माळावरच होणार. झालं! सुभेदारांनी उसाची जमीन मोडली आणि दुमजली इमारत उठवली. वर थेटर, खाली गाळ्यांची रांग. बांगड्यांचं दुकान, भांड्यांचं दुकान, शिंपी, रसवंती आणि एक शेवचिवडेवाला. हल्ली नातू मला पुण्यात मॉलमध्ये नेतो आणि सांगतो, ‘‘बघ आजी, खाली दुकानं आणि वर थिएटर!’’ अरे बाबा, हे सगळं आमच्या माळावर कधीच होऊन गेलं, आणि तिथं सरकत्या जिन्यावरून पडायची भीतीही नव्हती. सुभेदार इंटरव्हल संपला की शिट्टी मारायचे आणि माणसं शेवचिवड्याच्या पुड्या हातात घेऊन पलटणीसारखी वर पळायची.

बाजारच्या दिवशी आम्ही तिघीचौघी जावा-शेजारणी तीनच्या खेळाला जायचो. घरात सांगायचं, ‘‘बांगड्या भरून येतो.’’ ते खोटं नव्हतं, कारण बांगड्याही भरायचो. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सगळं ठाऊक असायचं. त्यांची अट एकच होती. ‘‘दिवा लागायच्या आत घरात पायजे. एक डाव उशीर झाला, का थेटर बंद!’’ आत्याबाई बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाडीला जाणारी शेवटची गाडी साडेपाचला थेटरापुढच्या थांब्यावरून सुटायची. आणि तीनचा पिक्चर संपायचा सहा वाजून गेल्यावर!

म्हणजे बघा, खलनायकानं नायिकेला गोदामात बांधून घातलंय, नायक जीप घेऊन निघालाय, आपल्या हाताच्या मुठी वळल्यात, आणि नेमका त्या वेळी भिंतीवर बॅटरीचा उजेड दोनदा मिचकायचा. ‘‘वाडीवाल्या, चला!’’ असा संताप व्हायचा! पण उठावंच लागायचं. मग दारापासून एस्टीच्या पायरीपर्यंत आक्का आमच्याबरोबर चालत यायच्या, आणि चालता चालता शेवट सांगायच्या.

‘‘तर त्यो येतो. जीप मधीच बंद पडती. मग पळत येतो. दार मोडतो. आन् त्या मेल्याला आसा हाणतो, आसा हाणतो, का त्यो वरडतो आई गं! पोराला कडंवर घे गं, चिखल हाय. मग पोलीस येत्यात.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय, लगीन! उचल पाय, गाडी सुटंल.’’

हे ‘उचल पाय’ त्यांचं ठरलेलं. ते ऐकलं की पिक्चर संपला.

एस्टीचा कंडक्टर दुष्काळी माण तालुक्याकडचा, सुकलेला, कायम कावलेला. सुरुवातीला घंटी मारून मारून जीव खायचा. एके दिवशी आक्कांचं सांगणं अर्धंच झालं आणि आम्ही गाडीत चढलो, तर हाच खिडकीतून मान बाहेर काढून म्हणतो कसा, ‘‘आवं आक्का, त्या आंधळ्या म्हाताऱ्याचं काय झालं? मागल्या खेपंला ह्या बाया बोलत हुत्या, तवापास्नं डोक्यात हाय माज्या.’’ आक्का पायरीवर चढल्या आणि अख्ख्या गाडीला म्हाताऱ्याचं सांगितलं. त्याला दिसायला लागलं म्हणे. तेव्हापासून आक्का सांगून उतरल्याशिवाय गाडी हलायची नाही. ऐकू येईना म्हणून ड्रायव्हर इंजिन बंद करायचा. कांद्याच्या पोत्यावर बसलेले बाप्ये ‘‘बेस झालं! आसंच पायजे त्येला!’’ करायचे. पिक्चर न बघता पिक्चरचा आनंद घेणारी अशी गाडी अख्ख्या महामंडळात दुसरी नसेल.

मग एका दिवाळीला माझी सांगलीची नणंद माहेरपणाला आली. करंज्या करता करता त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या पिक्चरचा विषय निघाला. ती म्हणाली, ‘‘बाई, काय रडले मी! तो तिच्या मांडीवर मरतो तेव्हा माझा पदर पिळून काढावा लागला.’’

मी म्हटलं, ‘‘मरतो कुठं? त्यांचं लग्न होतं. आणि म्हाताऱ्याला दिसायला लागतं.’’

‘‘म्हातारा तर इंटरव्हलच्या आधीच मरतो!’’

तिनं मला वेड्यात काढलं, मी तिला खोट्यात काढलं, आणि त्या भांडणात करंज्यांचा एक घाणा काळा झाला. पुढच्या बाजारी मी आक्कांना दारातच गाठलं. ‘‘आवं आक्का, तो मरतो म्हणं. माझी नणंद सांगलीला बघून आलीय.’’

आक्कांनी शांतपणे माझं तिकीट फाडलं. ‘‘सांगलीला मरत आसंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या थेटरात मरत न्हाई.’’

एवढं ऐकून मी रागवायला हवं होतं की नाही? पण मला इतकं हसू आलं की मी जिन्यातच बसले. वर त्याच मला ऐकवतात, ‘‘घरी जाऊन भाकरी थापायच्या हायत तुमाला. त्या काय रडत थापायच्या? पीठ खारट हुतंय.’’ त्या दिवशी मला कळून चुकलं, की आक्का शेवट बदलतात. आणि तरीही एस्टीकडे चालताना मीच आधी विचारायची, ‘‘आणि मग?’’

खरी परीक्षा पुढंच होती. आत्याबाईंच्या कानावर कुणीतरी घातलं, की माळावर सासवांना नावं ठेवणारा पिक्चर लागलाय. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘म्या येती. बघती तरी काय शिकून येताय त्ये.’’ पिक्चरमधली सासू म्हणजे कैदाशीण! सुनेला उपाशी ठेवते, दागिने लपवते आणि चोरीचा आळ घेते. आत्याबाई खुर्चीत अशा बसल्या होत्या, जणू त्यांच्यावरच खटला चालू आहे. थोरल्या जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, ‘‘संपलं गं आपलं थेटर.’’

सव्वापाचला बॅटरी मिचकली. दारात आक्कांनी एका नजरेत सगळं ओळखलं. त्यांनी आम्हा सुनांना पुढं काढलं आणि भराभरा सांगितलं, ‘‘दागिनं सासूच्याच ट्रंकंत सापडत्यात. सासू सुनंच्या पाया पडती. उचल पाय!’’ आणि मग मागं राहून आत्याबाईंचा हात धरला. वयानं मोठ्या ना त्या. त्यांना सावकाश चालवत काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

गाडीत आत्याबाई ताठ बसल्या होत्या. चेहरा मात्र उजळलेला. वाडीचा ओढा ओलांडला तेव्हा बोलल्या, ‘‘चांगला पिक्चर हुता. ती सासू काय वाईट न्हवती. दागिनं चोरानं न्हेल्यालं. सुनंला कळलं, तशी रडत येऊन पाया पडली सासूच्या. सासूनं उचलून पोटाशी धरली.’’ आम्ही तिघी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. हसू दाबता दाबता बरगड्या दुखल्या. घरी पोचल्यावर आत्याबाईंनी निकाल दिला, ‘‘जात जावा गं. म्हयन्यातनं एकदा म्या बी येत जाईन.’’ आमचं थेटर वाचलं, आणि ते आक्कांनी वाचवलं.

त्यानंतर एकदा मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला सुचतं कसं? इंटरव्हल होता, आक्का तंबाखू मळत होत्या. म्हणाल्या, ‘‘आमचं मालक सुभेदारांच्याच पलटणीत. लढाईत गेलं. सुभेदार घरला आलं आन् त्यांनी मला सांगितलं कसं झालं त्ये. तरास झाला न्हाई म्हणालं. झोपल्यावानी गेलं म्हणालं. माजं नाव घेतलं म्हणालं.’’ चिमूट तोंडात टाकून त्यांनी कोटावर हात पुसले. ‘‘लय चांगलं सांगितलं त्यांनी. खरं का खोटं, म्या कवा इचारलं न्हाई. त्येच्यावर इतकी वर्सं काढली की गं.’’ तेवढ्यात सुभेदारांची शिट्टी झाली आणि त्या दाराकडे धावल्या.

आणि मग एस्टी स्टँड झालं. माळावर नव्हे, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! सुभेदारांचं नशीबच खोटं. वाडीची गाडी तिकडून सुटायला लागली. स्टँडपर्यंत चालत जायचं म्हणजे इंटरव्हललाच उठायला हवं. मग आक्का अर्धा पिक्चर तोंडी सांगायला लागल्या! मधली दोन गाणी त्या गाळत, कारण ‘‘गाण्याला टाइम न्हाई.’’ पण असं किती दिवस चालणार? बायका कमी झाल्या. बांगडीवाला स्टँडकडे गेला, त्याच्यामागून भांडीवाला, शेवटी शेवचिवडेवालाही. पाच-सहा वर्षांत ते सगळं भरलं आणि ओसरलं. येत्या बाजारी शेवटचा खेळ, मग कुलूप, असं सुभेदारांनी जाहीर केलं. आक्का दुसऱ्या दिवशी दहिवडीला भावाकडे निघणार होत्या.

घरात ही बातमी सांगितली तेव्हा आत्याबाई उठून ओसरीवर गेल्या आणि माझ्या दिरांना म्हणाल्या, ‘‘येत्या बाजारी ट्रॅक्टरला ट्रॉली जोड. त्या दिशी एस्टीची भानगड नगं. शेवटपतूर बसायचं.’’ आत्याबाई, ज्यांना दिवा लागायच्या आत सुना घरात हव्या होत्या, त्या! बाजारच्या दिवशी अख्ख्या वाडीच्या बायका ट्रॉलीत बसल्या. थेटरात शिरताच आत्याबाईंनी आक्कांच्या हातातली बॅटरी काढून घेतली, सुभेदारांच्या हातात दिली आणि आक्कांना आपल्या शेजारी बसवलं. सुभेदार निमूटपणे बायकांच्या दारात उभे राहिले.

सव्वापाचला आक्का सवयीनं ताडकन उठल्या. ‘‘वाडीवाल्या, चला!’’ सगळं थेटर हसलं. आत्याबाईंनी त्यांचा कोट खाली ओढला. ‘‘बसा वो. आज गाडी आपली हाय.’’

मग आम्ही शेवट पाहिला. वाईट होता. नायिकेच्या भावाला वाचवायला नायक पुरात उडी घेतो, भाऊ काठाला लागतो, नायक लागत नाही. ती घाटावर उभी राहते आणि दिवे लागतात. आक्का तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या. आम्ही त्यांच्याकडे बघतच राहिलो. मी म्हटलं, ‘‘आक्का, असं काय? तुम्हाला तर सगळे खरे शेवट माहीत असतात.’’

‘‘कुठनं माहीत आसणार गं?’’ त्या रडतच म्हणाल्या. ‘‘तुमास्नी गाडीत बसवून आलं, का लोक उतरंपतूर खाली जिन्याच्या दाराशी हुभं ऱ्हायाचं. बाकीच्या सगळ्या खेळांना म्या बाहीर बायांची रडती पोरं सांभाळायची. शेवट म्या आज पयल्यांदा बघितला. आसं आसतंय व्हय?’’

म्हणजे आक्का शेवट बदलत नव्हत्याच. त्यांना खरा शेवट ठाऊकच नव्हता.

बाहेर ट्रॉलीत चढलो. आक्का सवयीनं पायाशी येऊन उभ्या राहिल्या. सुभेदार कुलूप हातात घेऊन दाराशी थांबले होते. आत्याबाईंनी दिरांना सांगितलं, ‘‘इंजिन बंद कर.’’ आणि मग वाकून म्हणाल्या, ‘‘आक्का, त्यांचा बघितला. आता तुमचा सांगा.’’

आक्कांनी डोळे पुसले. बॅटरी नव्हती, म्हणून नुसताच हात पुढं केला. ‘‘तर पाणी लय हुतं. पर त्यो किसनाकाठचा गडी. ल्हानपणापास्नं पवणारा. पार खालच्या अंगाला, दुसऱ्या गावात काठाला लागतो...’’ सुभेदार कुलूप तसंच धरून ऐकत होते. लग्न झालं, वरात निघाली, ‘उचल पाय’ म्हणायची वेळ आली, आणि तेवढे दोन शब्द काही आक्कांच्या तोंडून फुटेनात. शेवटी ते आत्याबाईंनीच म्हटले.

परवा मॉलमधून बाहेर पडताना हे सगळं मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग पुढं आक्कांचं काय झालं?’’

आक्का मला पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांची काही बातमीही नाही. मी म्हटलं, ‘‘दहिवडीला भावानं त्यांना देवासारखं सांभाळलं. भाचरांनी डोक्यावर घेतलं. तिथं नवं थेटर निघालं, त्याची फीत आक्कांच्या हातून कापली, आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांना कायमची दिली. कोट अंगात होताच.’’

‘‘खरं सांगतेस, आजी?’’

‘‘उचल पाय,’’ मी म्हटलं, ‘‘लिफ्ट आली.’’