सोनिकाची ज्वारी

पहाटे एक सर येऊन गेली आणि मागे नुसती उमस ठेवून गेली. ग्वाल्हेर स्टेशनच्या मागल्या गल्लीत लीलाताईंनी गिरणीचं शटर वर ढकललं, तेव्हाच पदर पाठीला चिकटला होता. घर माधवगंजात, पण सासऱ्यांनी गिरणी टाकली ती इथं. स्टेशनाभोवती रेल्वेचे बंगाली बाबू, फाळणीनंतर आलेले सिंधी-पंजाबी, हमाल, सगळे येऊन वसलेले, आणि पीठ काय, सगळ्यांनाच लागतं. कुणाचा मका, कुणाचा सातू, कुणाची भाजणी. डब्याच्या झाकणावरून लीलाताई घर ओळखत.

त्यात लाजवंती सिंधिणीचा डबा वेगळा. तिच्या सात वर्षांच्या नातीला, सोनिकाला, गव्हाचा कणसुद्धा सोसत नाही. मागल्या होळीला पोरीला सलाइन लागलं होतं. म्हणून तिची ज्वारी दळण्याआधी लीलाताई गिरणी खोलत, दगड कुंच्यानं झाडत, शेरभर ज्वारी दळून बाजूला काढत, आणि मगच तिचा डबा ओतत.

आज नेमकी लाइट गेली. तासाभरानं आली तोवर दारात ही गर्दी. रिटायर गार्ड नाना गव्हाची पिशवी घेऊन पुढे घुसले.

"लीलाताई, माझं आधी. झाशीची गाडी आहे. गार्ड होतो तेव्हा थांबायची माझ्यासाठी, आता नाही थांबत हो!"

"नाना, तेव्हाही लेटच असायची ती," म्हणत लीलाताईंनी गहू ओतला. पाठोपाठ हात गेला तो ज्वारीच्या डब्याकडे. दळून झाली तसा लाजवंतीचा मुलगा सौरव स्कूटरवर आला नि डबा घेऊन गेलाही.

आणखी चार डबे उरकून घाम पुसायला त्या वळल्या. कुंचा खिळ्यालाच लटकलेला. म्हणजे नानांच्या गव्हानंतर दगड झाडलेच नव्हते.

सौरवचा फोन लागेना. "थांबा रे सगळे!" एवढंच ओरडून त्या चपला विसरून लाजवंतीच्या घराकडे धावल्या. गल्लीत चिखल, मधेच सामान घेऊन निघालेली माणसं. आता साडेदहा, दुपारच्या शाळेचा डबा भरून झाला असेल, पोरीनं खाल्लंही असेल...

"लाजो! भाकरी टाकलीस का गं? सोनिकानं खाल्लं?"

लाजवंती ओट्याशी आरामात सोनिकाच्या वेण्या घालत होती. शेगडी थंडगार.

"पागल हुई है क्या, लीला? आज थदडी है. आज चूल्हा कौन जलाता है? कल का बना खा रहे हैं सब."

सोनिका पाटावर बसून कालचा ज्वारीचा लोलो, ती जाड गोड रोटी, चघळत होती. लीलाताई उंबऱ्यावर मटकन बसल्या. थदडी! सिंध्यांचा शिळ्याचा दिवस. तीस वर्षं गिरणीचा शेजार, तरी डोक्यात नाही आलं.

"मी गव्हावर दळलं गं. झाडलंच नाही."

लाजवंतीचे हात वेणीतच थांबले. मग तिनं पिठाचा डबा उचलून लीलाताईंच्या मांडीत ठेवला.

"तो मुँह क्या बना रही है? बच गई ना. पानी पी पहले. और चप्पल कहाँ है तेरी, महारानी?"

दोघी हसल्या, लीलाताईंचं हसणं जरा रडण्यासारखंच निघालं.

परत आल्या तेव्हा रांग कुरकुरत होती. ते पीठ त्यांनी आपल्या घरच्या भाकरीला वेगळं काढलं, सोनिकासाठी पोत्यातली नवी ज्वारी मापली, आणि पान्यानं गिरणीचा पहिला नट सैल करायला घेतला.