पाहुण्यांना शिकवलेलं काम

चूक माझीच होती. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तेलकट वास आला की अजून आठवते. चाकणच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. व्हिएतनामहून चार मुलं शिकायला आली, तेव्हा आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला मी म्हणालो, "दादा, ऑर्डर वाढणार आहे, यांना सगळं दाखवा." आमची अख्खी लाइनच तिकडे जाणार, हे मला ठाऊक होतं. मशीनच्या आवाजावरून टूल झिजल्याचं कसं ओळखायचं, तेही दादांनी खाणाखुणांनी शिकवलं. "पोरं हुशार हायेत, साहेब!" महिन्याभरात मशिनी लाकडी खोक्यांत भरल्या. "तुमाला आधीच म्हाईत व्हतं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. यंदा रहाटणीत त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं, "दादा, माहीत होतं. दोनदा खोटं बोललो. माफ करा."